तिसरी माकडशिंगी

आमच्या शेजारचे कंडक्टर गाडीत गावांची नावं ओरडतात ती स्टँडच्या बाहेर ऐकू येतात. पण माळावरच्या त्या झाडाचा विषय निघाला की आवाज एकदम खाली जातो. "कुणाला बोलला न्हाई ना?" असं विचारतात आणि मागं वळून बघतात.

निलंग्याच्या पुढं मुरमाड माळावर माकडशिंगी उगवते, बिनपानांच्या, बोटाएवढ्या गुबगुबीत कांड्यांची. तिथं तिच्या दोन जाती शेजारी वाढतात. त्या दोघींच्या मधे ही तिसरी, एकीचं अंग आणि दुसरीचं फूल घेऊन संकरातून आपली आपण झालेली. अख्ख्या माळावर एकच झुबका. बातमी फुटली तर लोक खणून नेतील, ही कंडक्टरांना धास्ती. सुट्टीला जातात ते नुसतं ती जागेवर हाय का बघायला.

परवा मीही सोबत गेलो. शेळ्या राखणारी एक बाई नेमकी तिथंच वाकली होती. माकडशिंगी मोडून मिठासंगं खायची इकडं रीतच आहे. तिनं त्याच झुबक्याची कांडी मोडून यांच्यापुढं धरली. "घ्या मामा, कवळी हाय."

यांनी ती घेतली. कांडी चावली, तोंड वाकडं केलं आणि थुंकून टाकली. "आक्का, ही खाऊ नका. कडू जहर हाय."

बाई हसत शेळ्यांमागं गेली.

आम्ही रस्त्याला लागलो. मग कंडक्टरांनी ओठांवरनं जीभ फिरवली, मागं बघितलं आणि हळूच म्हणाले, "कडू न्हाई हो. लई चवदार हाय. उद्या तिनं चाखून बघितली तर?"