कुसुमताईंचा मध्यम

कुसुमताई गाताना कुणाचं तरी मनगट धरायच्या. नाटकात शेजारी जो नट उभा असेल त्याचं. तो लांब असला तर संवाद म्हणता म्हणता त्याच्याकडे सरकायच्या आणि पेटीवाल्याने सूर देण्याआधी त्याचा हात ताब्यात घ्यायच्या. प्रेक्षकांना तो अभिनय वाटे. समेवर त्यांची बोटं अशी आवळायची की नवखा नट कळवळून पुढचं वाक्य विसरायचा. "मले ठेका कानात नाई सापडत, हातात सापडते," असं त्या सांगत.

माझ्याकडे त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा हेडफोन उलटसुलट करून बघितला आणि परत माझ्या हातात दिला. गोंदियात माझी रेकॉर्डिंगची एक खोली आहे, मोबाईलच्या दुकानामागे. लग्नाची गाणी, प्रचाराच्या घोषणा आणि अलीकडे झाडीपट्टीच्या नाटकांची गाणी तिथे होतात. मी त्यांना समजावलं, की कानात टिकटिक वाजेल, तिच्याबरोबर गायचं, म्हणजे लय हलणार नाही.

"काऊन? मानूस रडताना घड्याळ पाहते का?"

शेवटी टिकटिक बंद केली. मी रेकॉर्डिंग सुरू करून काचेपलीकडे त्यांच्या शेजारी जाऊन बसलो आणि मनगट पुढे केलं.

गाणं मायलेकीचं होतं. लेक घर सोडून निघते, आधी आई गाते, मग लेक. एरवी ते रंगमंचावर प्रत्यक्षच गायलं जाई. या हंगामात ते आधी ध्वनिमुद्रित करायचं ठरलं, त्याचं कारण ताईंनी चहा पिताना सांगितलं.

"गळ्यात गाठ हाय. नागपूरले कापतील. आवाज राहनार नाई म्हनते डॉक्टर."

"माइक थोडा जवळ घेऊ का?" मी विचारलं.

"घे."

पुढे आईचं काम दुसरी नटी करणार होती आणि ताईंच्या आवाजावर ओठ हलवणार होती. लेकीच्या कामाला रंजना होती, आमगावकडची तरुण गायिका. अडचण पट्टीची आली. ताईंचा आवाज उतरून काळी दोनवर आला होता. रंजना काळी चारच्या खाली गेली की तिचा आवाज विझायचा. नाटक मंडळाचे मालक म्हणाले, "ताईचा आवाज ऊपर उचलून टाका ना मशिनवर. अन् थोडं फास्ट करा, पब्लिक आता थांबत नाही."

मी तसं केलं. आवाज अडीच सूर वर चढवला आणि लय वाढवून सरळ केली. दोन्ही आवाज एका पट्टीत, एका लयीत आले. मोजून पाहिलं तर चूक कुठेच नव्हती.

दुसऱ्या दिवशी ताई ऐकायला आल्या. डोळे मिटून अर्धं गाणं ऐकलं.

"हे कोन गाऊन राहिली?"

"तुम्हीच, ताई."

"मी नाई होय. ही तं कोनी लहान पोट्टी हाय. आई कुठी गेली?"

रंजना म्हणाली, "मी खाली गाऊन पाहतो ताई." तिने खरंच प्रयत्न केला, पण आवाज घशातच राहिला. ताईंनी तिला हाताने थांबवलं. "मरू नको. तू तुह्या घरी गा, मी माह्या घरी गातो. दारात भेटू."

मग आम्ही पेटी पुढ्यात घेऊन बसलो. ताईंचा सा काळी दोन. त्यांची शेवटची ओळ षड्जावर उतरत होती. ती उतरू न देता मध्यमावर धरून ठेवली तर? काळी दोनचा मध्यम म्हणजे काळी चार, रंजनाचा सा. आई जिथे थांबेल तिथूनच लेकीने सुरू करायचं. ताईंनी दोनदा गुणगुणून पाहिलं आणि मान हलवली. मूळ आवाज जसाच्या तसा ठेवून फक्त शेवटची ओळ त्यांनी नव्याने म्हटली. मध्यम लावला आणि धरला. त्यांची बोटं माझ्या मनगटावर आधी घट्ट झाली, मग सैल पडली. सूर मात्र अजून चालू होता. तो संपल्यावर त्यांनी तोंडाने मोठा श्वास घेतला. तेवढंच. "झालं?" असं विचारून त्या चप्पल शोधायला लागल्या.

रंजनाची लय जरा चढी होती. ताईंच्या शेवटच्या दोन ओळींपासून मी साथीची लय हळूहळू वाढवत नेली, म्हणजे कुठे धक्का बसू नये. जोडावरचा तो श्वास कापून टाकला. दोन आवाज एकमेकांत विरघळले.

ऑपरेशननंतर ताई एकदाच आल्या. गळ्याला पांढरा रुमाल होता, सोबत मुलगा. मी गाणं लावलं. जोडाची जागा गेली तशी त्यांनी हात वर केला. मी मागे जाऊन पुन्हा लावलं. त्यांनी पुन्हा हात वर केला. मग माझ्याकडे वळून तोंड उघडलं, छाती भरून दाखवली आणि बोटाने स्पीकरकडे खूण केली.

मी श्वास परत जागेवर ठेवला. तो ऐकून त्यांनी मान डोलावली आणि मुलाच्या खांद्याला धरून उठल्या. मालकांना नंतर तो श्वास आवडला नाही. "मधात धाप आइकू येते भाऊ," ते म्हणाले. "येऊ द्या," मी म्हटलं. नाटकात गाणं तसंच वाजलं.

थंडीत ताई गेल्या. रंजनाचा फोन आला तेव्हा मी एका वरातीची गाणी एकमेकांना जोडत होतो. ते काम पुरं केलं, फाइल पाठवली आणि मग आमगावची गाडी धरली. ताईंच्या अंगणात खूप माणसं होती. धानाचा पेंढा बाजूला सारून सतरंज्या टाकल्या होत्या. पंचशील म्हणून झालं. मग मुलाने मोबाईलवर ते गाणं लावलं आणि बायका रडू लागल्या. रंजना भिंतीला टेकून उभी होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमी नाई रडले."

"नाही."

शेजारच्या बाईने पदराने डोळे पुसले. "ताई समोर बसून गाऊन राहिली असं वाटते, नाई का भाऊ?"

मी हो म्हटलं. मला तसं वाटलं नव्हतं. मला काळी दोन ऐकू आली, मग काळी चार. लय कुठून वाढवलीय ते ऐकू आलं, जोड कुठे आहे ते ऐकू आलं. त्या एवढ्याशा मोबाईलवर खर्ज दबतोय, हेही ऐकू आलं. ताई ऐकू आल्या नाहीत. अजूनही येत नाहीत. पण खोलीत कुणी नसलं की मी ते गाणं लावतो आणि संपेपर्यंत दुसरं काही करत नाही.