पंखा बंद असताना

संध्याकाळी मी हॉस्टेलच्या खोलीत देवीच्या तसबिरीपुढे निरांजन लावलं, की माझी रूममेट सलमा उठून पंखा बंद करते. ज्योत विझू नये म्हणून. मग वात शांत होईपर्यंत वहीने वारा घेत वाचत बसते. असं कर, म्हणून मी तिला कधी सांगितलेलं नाही.

आणि बाहेर सगळ्यांचा एकच प्रश्न, "जमतं का गं तिच्याशी?" वैताग येतो. श्रद्धेवर चार शब्द बोलावेत एवढी मी शिकलेली नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. पण ज्यांनी आमची खोली पाहिलीसुद्धा नाही, त्यांनाच एवढी काळजी का?

काल आईचाही फोन आला. "काकू म्हणते, खोली बदलून घे. अर्ज दे."

"आई, तूसुद्धा?" मी चिडले आणि रागारागात पंख्याचं सगळं सांगून टाकलं.

आईने विचारलं, "एवढ्या उन्हाळ्यात?"

"हो. रोज."

"मग वात लहान लाव की, बाई. पोरीला किती वेळ उकडत ठेवशील?"

वर्षभर मी लोकांवर वैतागत होते. वात मात्र मोठीच लावत होते.