पूजेला मांडलेला राउटर

आमच्या घरी दसऱ्याला कशाकशाला कुंकू लागतं ते ऐका. ट्रॅक्टर, नांगराचा फाळ, फवारणीचा पंप, विहिरीवरची मोटर, विळे, कुऱ्हाड, सासूचं शिलाई मशीन, दिराची मोटरसायकल आणि एखाद्या वर्षी मिक्सरसुद्धा. लग्न होऊन नंदुरबारजवळ कोरीटकडच्या या गावात आले तेव्हापासून ही सगळी मंडळी धुऊन-पुसून मांडायचं काम माझ्याकडेच आहे. पहिल्या वर्षी मी आपणहून माझा लॅपटॉपही पाटावर नेऊन ठेवला होता. दीर म्हणाला, "वहिनी, मंग मन्हा मोबाइल बी ठेवू का?" सगळे हसले. मीही हसले, नवी नवरी दुसरं काय करणार? लॅपटॉप उचलून आत नेला तो नेलाच.

त्या लॅपटॉपवर मी नोकरी करत होते, पत्ते खेळत नव्हते. पुण्याच्या एका कंपनीचं हिशेबाचं सॉफ्टवेअर दुकानदार वापरतात. त्यांचं काही अडलं की ते फोन लावायचे आणि मी घरी बसून, त्यांचा स्क्रीन माझ्यासमोर घेऊन, कुठे काय दाबायचं ते सांगायची. घरच्यांच्या लेखी मी 'फोनवर बोलत' असायची. सासूला आम्ही आत्या म्हणतो. कापूस वेचायला बाया कमी पडल्या की आत्या दारात उभ्या राहायच्या. "तू काय नुसती बोली ऱ्हायनी, चाल ना वावरमा." तिकडे फोनवरचा दुकानदार विचारायचा, मॅडम, काही अडचण आहे का? अडचण म्हणजे काय, दारात उभी होती की.

खरी अडचण मात्र राउटरची होती. गावातल्या नेटवाल्याने तो बसवून दिलेला. दुपार तापली की तासातासाला अडकायचा. मग बंद करा, चालू करा, तोवर नेटवरूनच येणारा दुकानदाराचा कॉल तुटलेला. नेटवाल्याला सांगितलं तर तो म्हणायचा, "वहिनी, नवा ली ल्या ना." नवा घेतला तर तोही वर्षाने असाच होणार. राउटर बनवणाऱ्या कंपनीने आतलं सॉफ्टवेअर सुधारायचं कधीच सोडून दिलं होतं. यंत्र धडधाकट आणि डोकं कुजलेलं, असा प्रकार.

कंपनीतल्या वरच्या बाईंनी शेवटी स्पष्टच सांगितलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्या माझ्या कामाच्या अख्ख्या पाळीतले कॉल ऐकणार होत्या. एकही कॉल तुटला नाही तर मी कायम, तुटला तर काम संपलं. त्या वाईट नव्हत्या. उलट तीन वेळा त्यांनी मला सांभाळून घेतलं होतं.

मी शोधायला लागले तेव्हा कळलं की जगभरातल्या लोकांनी मिळून राउटरसाठी मुक्त सॉफ्टवेअर लिहिलंय. कोणीही घ्यावं, वाचावं, बदलावं. आमच्या मॉडेलचंही होतं. पण त्यात एक ग्यानबाची मेख होती. राउटरला वीज मिळाली की सगळ्यात आधी जागा होतो तो बूटलोडर. उंबऱ्यावर बसलेल्या म्हातारीसारखं त्याचं काम. आत कोणाला घ्यायचं आणि कोणाला बाहेरच्या बाहेर वाटेला लावायचं, हे तो ठरवतो. आमचा बूटलोडर कंपनीच्या फर्मवेअरशिवाय, म्हणजे तिनेच भरलेल्या आतल्या सॉफ्टवेअरशिवाय, कोणालाच आत घेत नव्हता. म्हणजे आधी बूटलोडर बदला, मग फर्मवेअर. आणि बूटलोडर बदलताना जुना पुसून नवा लिहितात. तेवढ्यात वीज गेली तर आत कोणीच उरत नाही. राउटर म्हणजे नुसता प्लास्टिकचा डबा.

मी त्या लोकांच्या इंटरनेटवरच्या मंचावर प्रश्न टाकला. कुठल्या देशातला कोण जाणे, एका माणसाने मला पायरी पायरीने सगळं समजावलं. आधी जुन्याची पूर्ण नक्कल काढून ठेव म्हणाला, मी काढली. मग त्याने विचारलं, तुझं काम या राउटरवर अवलंबून आहे का? असेल तर सुट्टीच्या दिवशी कर. या घरात मला कोणी कधी विचारलं नव्हतं की तुझं काम कशावर अवलंबून आहे. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं.

म्हणून मी दसरा निवडला. कंपनीला सुट्टी, दुकानदारांचे फोनही नाहीत. आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून राउटर इन्व्हर्टरवर घेतला. नवरा तोरणमाळकडच्या शाळेवर असतो, सणाला आला होता, त्याच्या कानावर घातलं. सकाळीच घरभर सांगत फिरले, आज नेट बंद आहे, कोणी राउटरला हात लावू नका. दिराने तोंड वाकडं केलं, त्याला ट्रॅक्टरचे फोटो टाकायचे होते. सगळी विघ्नं मोजून मी आतल्या खोलीत बसले. राउटर बाहेर ओसरीवर, मधे लांबलचक केबल.

जुना पुसला गेला. नवा लिहायला सुरुवात झाली. आणि लॅपटॉपवर सरकणाऱ्या ओळी थांबल्या.

पुढची ओळ येते का म्हणून मी थांबले. आली नाही. बाहेर आले तर ओसरीवर पाट मांडलेला. पाटावर शिलाई मशीन, कात्री, विळे, आणि मधोमध माझा राउटर. ओल्या फडक्याने पुसलेला, वर कुंकवाचं बोट, झेंडूचं फूल. प्लग सुटून जमिनीवर पडलेला.

आत्यांनी माझ्याकडे बघितलं. चेहरा इतका प्रसन्न की काय सांगू. "आज कोठलंबी यंत्र चालू ठेवतस नही," त्या म्हणाल्या. "तुन्हं हत्यार बी शे ना ते. तू त बंदच शे सांगं, मंग मी काढी लिधं."

तुझंही हत्यार आहे ना ते. हे वाक्य ऐकायला मी किती वर्षं टपून बसले होते!  पण तोंडातून जो शब्द फुटला तो सणाच्या दिवशी बोलायचा नव्हता. आत्या मटकन खाली बसल्या. दीर धावत आला. नवरा म्हणाला, "अगं, तिने प्रेमानंच केलं ना."

प्रेमानं केलं. हो, केलंच. म्हणून राग गिळायचा? असे प्रसंग सांगणारे शेवटी म्हणतात की मग माझा राग विरघळला. माझा नाही विरघळला. ज्याचं जळतं त्याला कळतं. वीज जाईल म्हणून बंदोबस्त केला, पण या घरात कधीतरी माझ्या कामाला कुंकू लागेल हे माझ्या हिशेबातच नव्हतं.

मी प्लग लावला. एकही दिवा लागला नाही. दिराला म्हटलं, मला नंदुरबारला सोड, दुसरा राउटर आणते. तो म्हणाला, मोटरसायकलची पूजा झालीय, आज चाक फिरवत नाहीत. नेटवाल्याला फोन लावला. तो देवीच्या गडावर पायी निघालेला, फोन बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी नणंद सहकुटुंब जेवायला येणार होती, त्यामुळे शहरात जाऊन कुठेतरी बसण्याचं नावच काढायची सोय नव्हती. पहाटे पुरणाची डाळ शिजवली आणि पाळीच्या वेळेला लॅपटॉप घेऊन गच्चीवर गेले, कारण मोबाइलवर नेटपुरती रेंज आमच्याकडे तिथेच येते. डोक्यावर छत्री, खाली पाहुण्यांचा गलका. पहिला कॉल निभावला. दुसरा अर्ध्यात गेला. नंतरचे धड जोडलेच गेले नाहीत. संध्याकाळी बाईंचा निरोप आला. त्यात त्यांनी माझ्या कामाचं कौतुक केलं होतं आणि पुढच्या वाटचालीला शुभेच्छा दिल्या होत्या.

राउटर पुढे मी जिवंत केला. मंचावरच्या त्या माणसानेच सांगितलं की चिपला चिमटा लावून तिच्यावर थेट लिहिता येतं. तसं लिहिणारं छोटं यंत्र मागवलं, राउटर उघडला, चिमटा नीट बसवण्यात नाकी नऊ आले. शेवटी नवा बूटलोडर चढला, त्यावर नवं फर्मवेअर. दिवे लागले. तेव्हापासून तो एकदाही अडकलेला नाही. भर उन्हात नाही, ढगाळ दिवसांत नाही. आत्या त्यावर कीर्तनं बघतात, दीर ट्रॅक्टरचे व्हिडिओ टाकतो, नवरा आला की मॅच. पाहुणे आले की दीर सांगतो, आमच्यासारखं नेट अख्ख्या गावात नाही. कोणी केलं ते सांगत नाही. मी मात्र कापूस वेचायला जाते. आता दारात कोणाला यावं लागत नाही.

नोकरीसाठी आणखी दोन-तीन ठिकाणी बोलणं केलं. आधीची का सुटली, असं विचारतात. काय सांगू? पूजा होती?

यंदाच्या दसऱ्याला आत्यांनी राउटर काढायच्या आधी आतल्या खोलीत येऊन मला विचारलं, "बंद करू का?" मी म्हटलं, करा. त्यांनी तो हलक्या हाताने पुसला, शिलाई मशीनशेजारी मांडला, त्याला टपोरं फूल निवडून वाहिलं. कोणी हसलं नाही. दीर म्हणाला, "याना वरच त घर चाली ऱ्हायनं."

मला काय वाटलं कोण जाणे, मी आतून लॅपटॉप आणला. त्यावरची धूळ पदराने पुसली आणि पाटाच्या कडेला ठेवायला वाकले. आत्यांनी माझा हात धरला. अगदी मायेनं बोलल्या.

"तो ऱ्हाऊ दे वं. ज्यावर काम व्हस तेच ठेवतस."

मी लॅपटॉप आत नेऊन ठेवला आणि फवारणीचा पंप पुसायला घेतला.