दिल्लीच्या खात्याचा माणूस

हसायचं नाही असं मी म्हणत नाही, हसा खुशाल. फक्त चहाचा घोट तोंडात असताना हसू नका, समोर मी बसलोय! नोकरीतला माझा असा एक पराक्रम आहे, की आठवला की अजूनही मी एकटाच कपाळावर हात मारून घेतो.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी नुकताच केंद्र सरकारच्या कामगार खात्यात लागलो होतो. बिडी कामगारांसाठी नवी कल्याण योजना निघाली होती आणि तिच्या सोलापूरच्या कचेरीत माझी नेमणूक झाली. केंद्र सरकार बरं का! करमाळ्याला आमची आई बाजारात, कमलाभवानीच्या देवळात, भेटेल त्याला सांगायची, "आमचा पोरगा दिल्ली सरकारात हाय." कचेरी होती एका सायकलच्या दुकानावर. ते ती सांगायची नाही.

अभिमान मलाही काही कमी नव्हता. आमचे वडील, म्हणजे नाना, सोलापूरच्याच एका गिरणीत होते. मशिनच्या पट्ट्यात त्यांचा हात सापडला, तेव्हा कायद्यानं भरपाई मिळाली म्हणून आमची चूल पेटत राहिली. नाना म्हणायचे, "आपल्या बाजूनं बोलणारं एक खातं हाय रं दिल्लीला." म्हणून त्या खात्याचा इतिहास मला तोंडपाठ होता. इंग्रजांच्या वेळी उद्योग आणि कामगार मिळून एकच खातं होतं. म्हणजे मालक आणि मजूर एकाच दावणीला! पुढं कामगारांचं खातं निराळं निघालं, स्वातंत्र्यानंतर त्याचं मंत्रालय झालं. कुणी नुसतं "काय करता?" असं विचारलं तरी मी इंग्रजांपासून सुरुवात करायचो. हळूहळू लोकांनी विचारणंच सोडलं.

आमच्या साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "घरोघर जायचं, बायांना योजना समजावून सांगायची. कुठं बिनपरवान्याचा बिडी कारखाना दिसला तर इथं येऊन कळवायचं. तिथं आपण होऊन काही करायचं नाही."

इतकी साधी गोष्ट! पण माझ्या अंगात तेव्हा आख्खं मंत्रालय संचारलेलं होतं.

एका दुपारी पूर्व भागातल्या गल्लीतून चाललो होतो. हा सगळा तेलुगू विणकरांचा भाग. घरोघरी पुरुष मागावर आणि बाया बिडीवर. एका घराचं दार सताड उघडं होतं. सहज आत डोकावलो आणि जागीच थबकलो.

ओळीनं बाया बसलेल्या. प्रत्येकीच्या मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि तेंदूची पानं, हात भराभर चाललेले. मधोमध एक तरुण मुलगी मान खाली घालून बिड्या वळतेय. तिच्यासमोर एक जाडजूड म्हातारी. ती त्या मुलीची एकेक बिडी उचलायची, दाबायची, उजेडात धरायची, वासही घ्यायची! आणि पलीकडे सतरंजीवर पुरुषमंडळी निवांत चहा पीत बसलेली.

राबणाऱ्या बाया आणि चहा पिणारे पुरुष! कारखाना म्हणजे आणखी काय असतं हो?

एवढ्यात म्हातारीनं एक बिडी बाजूला टाकली. "ही ढिली हाय."

खराब बिड्या अशा बाजूला काढण्याला छाट म्हणतात. छाटीच्या नावाखाली बायांना कसं लुबाडतात, ते मी कचेरीत वाचलेलं होतं. माझं रक्त खवळलं. मी खात्याचा शिक्का असलेली पिशवी सावरून आत शिरलो आणि ओरडलो, "थांबा! जागचं कुणी हलायचं नाही! मी दिल्लीच्या कामगार खात्याचा माणूस आहे!"

सगळे हात थांबले. एकाच्या बशीतला चहा सतरंजीवर सांडला.

"या मुलीच्या बिड्या तुम्ही कोण तपासणार?" मी म्हातारीला विचारलं.

"मग न बघताच घ्यायची व्हय पोरगी?"

"कधीपासून चाललंय हे?"

"आजच आलोय की आमी."

"आणि हिचं काम पसंत पडलं नाही तर?"

"तर दुसरीकडं बघू."

"म्हणजे हिला काढून टाकणार!"

"आवो, अजून घेतलीच न्हाय, तर काढू कुटनं?"

बघा, कबुलीजबाबच की! मी मोर्चा पुरुषांकडे वळवला. नवा कोरा शर्ट घातलेला एक तरुण घामाघूम होऊन बसला होता.

"तुम्ही काय करता इथं?"

"मी? मी नुसतं बघायला आलोय."

"बाया राबतात आणि तुम्ही बघता? लाज नाही वाटत?"

"वाटायलीय की," तो पुटपुटला.

एक गृहस्थ हात जोडून पुढं आले. ते घरमालक, मल्लेशम. "साहेब, देण्याघेण्याचं अजून काहीच बोलणं झालेलं नाही."

"काही न बोलताच मुलीला कामाला बसवलंत? परवाना कुठाय?"

म्हातारी ताडकन उठली. "ह्याला बी परवाना लागतो व्हय आता? मल्लेशम, तुमच्या घरावर सरकार चालून येतंय ते आधी का न्हाय सांगितलं? असल्या घरातली सून आमाला नको. चला रं, उठा!"

सून? मी गर्रकन त्या मुलीकडे वळलो.

त्या मुलीनं सूप खाली ठेवलं. डोळे भरलेले, पण आवाज खणखणीत. "साहेब, ही माझी पसंती चाललीय. आमच्यात पोरीचा बिडी वळायचा हात बघूनच लग्न ठरतं. शेजारच्या बायका काम हातात घेऊनच बसायला आल्यात. कारखाना न्हाय हा. आता तुमीच थांबवा त्यांना."

मला धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं! एका पोरीचं ठरत आलेलं लग्न मी मोडत होतो, आणि तेही कामगारांच्या भल्यासाठी!

मी धावत दारात जाऊन आडवा उभा राहिलो. मग जे येत होतं तेच सुरू केलं. "इंग्रजांच्या वेळी उद्योग आणि कामगार मिळून एकच खातं होतं..."

म्हातारी दाराशीच थांबली. बोलता बोलता मी नानांच्या हातापर्यंत आलो. मग योजनेवर आलो. बिडी वळणाऱ्या बायांसाठी दवाखाना, त्यांच्या पोरांना शिक्षणाला मदत.

"हे आमच्यासाटी? बिडीवालीसाटी दिल्लीला खातं हाय?" म्हातारीचा आवाज उतरला. "माझी बहीण तंबाखूच्या खोकल्यानं गेली बाबा. कुणी विचारलं न्हाय."

"आता विचारणार, आजी. त्यासाठीच तर आलोय."

"आणि ही पोरगी आमच्या घरी आली, तर हिला बी मिळंल?"

"कुठल्याही घरी गेली तरी मिळेल."

म्हातारी परत खाली बसली. एक बिडी उचलली, दाबून बघितली आणि म्हणाली, "एक ढिली सोडली तर हात लई चांगला हाय. पसंत."

खरं सांगतो, त्या क्षणी मला जितका खात्याचा अभिमान वाटला तितका नंतर बढती मिळाल्यावरही वाटला नाही. मल्लेशम तर लग्नात ज्याला त्याला सांगत होते, "आमच्या पोरीच्या पसंतीला दिल्लीचं खातं आलं होतं!"

इथंच थांबलो असतो तर किती बरं झालं असतं! पण मी शहाणा झालो होतो ना.

लग्नानंतर काही दिवसांनी पलीकडच्या गल्लीत तसंच उघडं दार दिसलं. तशाच ओळीनं बाया, तशीच सुपं, एक बाई बिड्या तपासतेय, पुरुष चहा पिताहेत. मी मनात हसलो, इथंही पसंतीच चाललीय! अदबीनं चपला काढल्या, हात जोडले. माझी पिशवी बघून मधला गृहस्थ पांढराफटक पडला.

"घाबरू नका," मी म्हणालो, "मला सगळं माहीत आहे. चालू द्या!"

तो आणखीच पांढरा झाला. मग धावपळ करून त्यानं मला चहा दिला, पोहे दिले, वर शिराही दिला. मी एका मुलीचं काम बघितलं, "हात चांगला आहे, घेऊन टाका" असा सल्ला दिला आणि तृप्त होऊन कचेरीत आलो.

साहेब माझीच वाट बघत होते. "त्या गल्लीत बिनपरवान्याचा मोठा कारखाना चालतो अशी तक्रार आलीय. तुम्ही तिथंच होता ना? काही दिसलं?"

काय सांगणार, कप्पाळ? त्याच माणसाच्या घरचा शिरा खाऊन, "तुमची अशीच भरभराट होवो" असा आशीर्वाद देऊन आलो होतो. तोही दिल्लीच्या खात्यातर्फे!