फाट्यावर कोण उतरलं

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता. या सदरातले अनुभव मी जेवताना करमणूक म्हणून वाचायची आणि मनात म्हणायची, लिहिणाऱ्या बाईंना झोप कमी पडलेली दिसते. मी यादी करणारी बाई. वय बावन्न. शाळेच्या ऑफिसात उभी हयात गेली. आमच्याकडे लोणच्याच्या बरणीवरसुद्धा तारीख असते. त्यामुळे खाली जे लिहितेय ते वहीत वेळेसकट नोंदलेलं आहे. नोंद माझी... आणि लाजही माझीच.

जागा हिंगोली जिल्ह्यातली. शिरड शहापूरच्या अलीकडे एक फाटा लागतो. तिथून दोन किलोमीटर आत एका निवृत्त डॉक्टरसाहेबांनी टाकून दिलेल्या जनावरांसाठी निवारा काढलाय. दोन गाढवं, थोडे ससे आणि त्या उन्हाळ्यात अकरा गिनीपिग. लोक मुलांच्या हौसेपायी शहरातून आणतात आणि आजारी पडले की खोक्यात घालून आमच्या गेटवर ठेवून जातात. शाळेची नोकरी सोडल्यापासून मी तिथेच काम करते; औषधं, वजनं, खाणं — सगळे तक्ते माझ्याकडे. झाडलोट आणि चारा शोभाबाईंकडे. त्या शिरड शहापूरहून एसटीने यायच्या. त्यांना लिहिता-वाचता येत नाही.

ओळखीची पावलं ऐकली की गिनीपिग शिट्टी मारल्यासारखे ओरडतात. आमचे फक्त शोभाबाईंसाठी ओरडायचे. त्या गेटातून आत आल्या की अकराच्या अकरा सुरू.

"आले गं बयांनो! कान फुटले माझे!"

माझ्यासाठी एकही नाही. त्यावर त्या हसायच्या. "मॅडम, तुमी वही घेऊन येता ना. त्यायला वाटतं साहेब आला तपासणीला."

मे महिन्यात सोनी आणि चंपा या दोघी बहिणी आजारी पडल्या. खाणं बंद. गिनीपिगचं पोट फार वेळ रिकामं राहिलं की जीव जातो, म्हणून दर तीन तासांनी सिरिंजने पातळ खाणं पाजायचं. हे काम माझं. मी नसले तर शोभाबाईंचं, पण मी सांगितलं तरच.

आता माझी सवय सांगते. सकाळी आल्या आल्या मी दिवसभराच्या सगळ्या रकान्यांत बरोबरची खूण करून टाकायची. वेळ वाचतो. काम होणारच आहे, मग खूण आधी केली तर काय बिघडलं?

त्या दिवशी कूलर बंद पडला. मेकॅनिकच्या मागे लागण्यात अकराचं आणि दोनचं पाजणं राहिलं. तक्त्यात खुणा होत्याच, त्यामुळे मला आठवलंही नाही. संध्याकाळी सोनी हाताला गार लागली. चंपा कशीबशी तगली.

डॉक्टरसाहेबांनी तक्ता पाहिला. "अकरा, दोन... दोन्ही दिसतायत. पाजलं कोणी?"

मी म्हणाले, "दुपारी मी कूलरच्या मागे होते. शोभाबाई होत्या इथे."

शोभाबाई झाडू घेऊन दारात उभ्या होत्या. "मॅडम, मला तुमी आज सांगितलंच न्हाई की."

"सांगितलं होतं," मी म्हणाले.

एवढंच. डॉक्टरसाहेबांनी तक्ता परत खिळ्याला अडकवला. दुसऱ्या दिवसापासून शोभाबाई आल्या नाहीत.

सोमवारी मी एकटीच होते. सकाळी नऊ चाळीसला सगळे गिनीपिग एकदम ओरडायला लागले, तोंडं गेटकडे. मी बाहेर जाऊन पाहिलं. रस्ता मोकळा. पंधरा मिनिटं ओरडले आणि गप्प झाले. मी वहीत वेळ लिहिली. बुधवारी तेच, संध्याकाळी पाच दहाला. शुक्रवारी दुपारी दोन पाचला. वेळ ठरलेली असती तर सवय म्हणून सोडून दिलं असतं. चंपा माझ्या हातून सिरिंज तोंडात घेत नव्हती, तिचं वजन रोज उतरत होतं. फक्त त्या तीन वेळा शिट्ट्या चालू असताना तिने गुपचूप गिळलं.

शनिवारी मी शोभाबाईंच्या घरी गेले. दारात त्यांची सासू. "या! उंदरायची बाळंतपणं करायला काहून धाडू आता आमच्या सुनेला? लेकरू मारलं म्हणता ना तिनं?"

"मामी, गप बसा हो," म्हणत शोभाबाई बाहेर आल्या. "चंपी हाय का?"

मी म्हणाले, "आहे. पण खात नाही. तुम्ही या."

"येऊनच राहिले व्हते की. फाट्यावर उतरायचे, चिंचेखाली बसायचे, अन् पाय काही फुडं जाईना. मंग माघारी."

मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "कधी कधी?"

"सोमवारी सकाळच्या गाडीनं. बुधवारी एसटी चुकली तर दुधाच्या गाडीनं, पाच वाजले असतील. अन् शुक्रवारी... नमाज सुटली व्हती, लोक मशिदीतून निघून राहिले व्हते तवा."

माझी वही पर्समध्येच होती. मी काढली नाही.

फाटा दोन किलोमीटरवर. मध्ये टेकाड. चिंचेखाली माणूस उभा करून त्याला हाका मारायला लावून पाहिलंय, इथे पिंजऱ्यांजवळ काही ऐकू येत नाही. डॉक्टरसाहेबांनाही विचारलं. ते म्हणाले, "शक्य नाही."

शोभाबाई सोमवारपासून परत येऊ लागल्या. चंपा जगली. खुणांबद्दल त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही आणि मीही इतके महिने सांगितलं नाही.

काल हे सगळं लिहून डॉक्टरसाहेबांना वाचायला दिलं. त्यांनी वाचून कागद परत माझ्या हातात दिले. मग म्हणाले, "त्यांना वाचता येत नाही. तुम्हालाच वाचून दाखवावं लागेल."

आज शोभाबाई आल्या की वाचून दाखवायचं ठरवलंय, पण सकाळपासून एसटीचा पत्ता नाही. दहा वाजले, साडेदहा वाजले. हे शेवटचं पान मी पिंजऱ्यांजवळ बसून लिहितेय.

दहा बावन्न. आत्ता शिट्ट्या सुरू झाल्या... पहिली चंपा.

फाट्यापासून इथवर चालत पंचवीस मिनिटं लागतात.