ऐकू आलं तरच बटण

"कानाची नस दुखावली आहे. लगेच उपचार केले नाहीत, तर हा कान परत येणार नाही," अंबरनाथचे डॉक्टर म्हणाले. मी हसून मान डोलावली. खरं तर निम्मं ऐकूच आलं नव्हतं. शेजारी बसलेल्या बायकोचा चेहरा पाहिला आणि माझं हसू मावळलं.

याला सडन हिअरिंग लॉस म्हणतात, म्हणजे एकाएकी ऐकू येईनासं होणं. डाव्या कानाला दडे बसले तेव्हा मळ असेल म्हणून मी चार दिवस तेल घालत बसलो. तुम्ही हा शहाणपणा करू नका.

मग ऑडिओमेट्री, म्हणजे श्रवणाची तपासणी. काचेच्या खोलीत कानावर हेडफोन लावून बसायचं आणि आवाज आला की बटण दाबायचं. आनंदनगरच्या कारखान्यात मी शिफ्ट इन्चार्ज, नापास व्हायची सवय नाही. अंदाजाने बटण दाबत सुटलो. तपासणारी मुलगी आत आली. माझ्या चांगल्या कानाशी वाकून म्हणाली, "काका, इथे पास व्हायचं नाहीये. ऐकू आलं तरच दाबा. खोटं दाबलंत तर डॉक्टरांना खरं कसं कळणार?"

मला लाज वाटली. दुसऱ्या वेळी बराच वेळ बटणाला हातच लावला नाही. तेव्हा कुठे कळलं, माझं किती गेलं होतं.

त्याच दिवशी स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टर काही सांगायचे, ते मी त्यांनाच परत म्हणून दाखवायचो. न कळलेलं दोनदा विचारायचो. ते एकदाही वैतागले नाहीत. तीन आठवड्यांनी कान बराचसा परत आला. बेलवलीतल्या आमच्या घरी कुकरची शिट्टी अजून डावीकडून बारीक वाटते, पण येते. त्या मुलीचे उपकार मी विसरणार नाही.

कामावर परतलो. शिफ्टची कामं सोपवताना मी माझ्या माणसांना नेहमी विचारायचो, "समजलं ना?" आणि सगळे "हो साहेब" म्हणायचे. मीही खूश, तेही मोकळे. या वेळी आधी त्यांना माझ्या बटणाची गोष्ट सांगितली. सगळे हसले. मग कोणता व्हॉल्व्ह कधी उघडायचा ते समजावलं आणि थांबलो.

ऑपरेटर भोईर खाली बघत होता. मान वर करून म्हणाला, "साहेब, नाय समजला. परत सांगा."

बारा वर्षं तो माझ्या हाताखाली आहे. हे वाक्य मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं, आणि दोन्ही कानांनी ऐकलं.