तातूच्या उशाशी उभा असलेला स्टँड

माझी बारी बाकी असताना तातू गेला.

बातमी आली तेव्हा मी मालवणच्या मासळी बाजारात होतो. हातात एवढी मोठी सुरमई, की डोकं माझ्या पिशवीत आणि शेपूट शेजारच्या बाईच्या टोपलीत. खिशातला फोन वाजला. पलीकडे वहिनी, म्हणजे तातूची बायको. "भावजी, बुवा गेले," एवढंच म्हणाल्या. मी म्हटलं, "खोटा सांगतास. माझी बारी आसा अजून." सुरमई तिथेच ठेवून निघालो. बाजारातले लोक सांगतात, मी मोठ्याने ओरडलो. असेल. माझा आवाज मुळातच तसा. तारकर्लीला मी सूर लावला की देवगडच्या बंदरात नांगरलेल्या होड्या तोंडं फिरवतात. हे मी अर्धं आयुष्य सांगत आलोय, आणि सबंध जिल्ह्यात एकट्या तातूने त्यावर कधी विश्वास ठेवला नाही.

ज्यांनी आमच्याकडची डबलबारी ऐकली नाही त्यांच्यासाठी सांगतो. भजनाचे दोन बुवा समोरासमोर बसतात. दोघांची पेटी वेगळी, पखवाज वेगळा, कोरस वेगळा. एकाने आपली बारी म्हणायची आणि अभंग-गजर करता करता समोरच्याची यथेच्छ सालटी काढायची. मग दुसऱ्याने उलट बारी धरून ती सगळी सव्याज परत करायची. तोंडी देवाचं नाव आणि डोळा एकमेकांच्या मानगुटीवर. तातू आणि मी असे वर्षानुवर्षं समोरासमोर बसलो. मांडवात आम्ही एकमेकांचे सात पिढ्यांचे वैरी, आणि मांडव सुटला की एकाच ताटलीतली भजी खायचो. फक्त एक गोष्ट त्याने मला कधी दिली नाही, ती म्हणजे दाद. मी समेवर आलो की त्याचा स्वतःचा पखवाजवाला चुकून "वा" म्हणायचा आणि मग घाबरून मालकाकडे बघायचा. तातूची मान मात्र तसूभर हलायची नाही. तो मांडवाचं छत बघत बसायचा. नंतर विचारलं की म्हणायचा, "कावळे मोजत होतंय."

आमच्या शेवटच्या सामन्यात माझी बारी झाली, तातूने पेटीवर हात ठेवले आणि मांडवातली वीज गेली ती आलीच नाही. उलट बारी पुढच्या वेळी, असं ठरलं. पुढची वेळ यायच्या आत, ऐन आंब्याच्या दिवसांत, तातू स्वतःच्या बागेतल्या हापूसच्या कलमावरून पडला. मानेखालचं सगळं अंग गेलं. उरली मान आणि आवाज. हॉस्पिटलात मी भेटायला गेलो तर डोळे उघडून पहिलं वाक्य काय बोलला असेल? "मेल्या, माझी बारी रवली आसा."

घरी आणल्यावर लेकीने त्याला टॅब पाठवला. तो धरायच्या वहिनी. पलंगाच्या कडेला बसून, दोन्ही हात उंच करून, तासन् तास. त्यावर तातू बातम्या बघायचा, लेकीशी बोलायचा, दुनियेभरच्या बुवांची भजनं ऐकून त्यांना नावं ठेवायचा. गेल्या पावसाळ्यात त्याच्या छातीत कफ भरला आणि श्वास आखडायला लागला. डॉक्टरांनी वहिनींना बाहेर नेऊन हळू आवाजात काय ते सांगितलं. तातूने आतून सगळं ऐकलं आणि मला बोलावून घेतलं.

"देवळातल्या सप्ताहात माझी बारी होवक व्हयी. तेच्या फुडे माझो दम पुरूचो नाय."

मी म्हटलं, त्यात काय, फोन लावू आणि तुझा आवाज मांडवात सोडू. तो असा भडकला की वाटलं, उठून मारतो. "बारी म्हणजे काय रेडिओ आसा? माका तुझा तोंड दिसाक व्हया. तोंड बघल्याशिवाय माका शिवी खंयसून सुचतली?" मग वहिनी टॅब धरतील म्हटलं, तर त्याने दाराकडे बघितलं. वहिनी मागीलदारी गेल्याची खात्री केली आणि म्हणाला, "तिका स्वतःचो अंबाडो बांधूक येना नाय आता. खांदो वर जायना. शेजारीण येवन बांधता... माका वाटता तिका म्हायत नाय, की माका म्हायत आसा."

आम्ही भजनी माणसं. स्टँड म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे एकच येतो, माइकचा. जन्मभर त्याच्यापुढे बसून ओरडलोय, त्याच्यावर देवाखालोखाल विश्वास. मांडववाल्याकडून एक आणला, पलंगाशेजारी उभा केला, आडवी दांडी तातूच्या तोंडावर आणली आणि टॅब सुतळीने करकचून बांधला. मखरातला गणपती दिसावा तसा दिसत होता. पण माइकचं वजन केवढं, टॅबचं केवढं, हा विचार आम्हा दोन दिग्गजांपैकी एकाच्याही डोक्यात आला नाही. तातूने सूर लावला. मी डोळे मिटून त्याच्या चुका शोधत होतो. दांडी खाली यायला लागली होती, हळूहळू, अगदी अदबीने. ते तातूला दिसत होतं. आडवा हात धरता येत नाही अशा माणसाच्या तोंडावर जड वस्तू उतरताना त्याने काय करावं? तातू गात राहिला. सूर तुटला तेव्हा मी डोळे उघडले. टॅब भुवईवर पडला होता आणि उशी लाल होत चालली होती.

वहिनी धावत आल्या. जखमेवर हळद दाबली, दुसऱ्या हाताने स्टँड उचलला आणि अंगणात भिरकावला, त्या तसल्या खांद्याने. मग म्हणाल्या, "ह्या घरात परत स्टँड इलो, तर एकतर तो रवात, नायतर मी." मी तातूकडे बघितलं. तो छताकडे बघत होता.

सप्ताह जवळ येत होता. तातूचं वाक्य आता मधेच तुटायचं, खोकल्याने. मी रोज फोनवर स्टँडची चित्रं बघत बसायचो. प्रत्येक चित्रात एक गोरी बाई लोळत चहा पितेय आणि टॅब तिच्यापुढे हवेत. हसतेय! हिच्या भुवईवर कधी पडला नाही वाटतं. चित्रावर विसंबायचं नाही, असं ठरवून मी एक नारळ सोलला, तराजूवर टॅबच्या वजनाशी जुळवला, जाळीत घातला आणि कणकवलीला मोबाइलच्या दुकानात गेलो. आहेत तेवढे स्टँड बाहेर काढायला लावले आणि एकेकाला नारळ टांगला. दुकानदार म्हणाला, "काका, नवस बोललात काय?" म्हटलं, "होय. फेडल्याशिवाय जाणार नाही. चहा सांग."

पहिला सापाच्या मानेसारखा, हवा तसा वळणारा. चहा निवायच्या आत नारळाने खाली वाकून मला नमस्कार केला. दुसऱ्याला चिमटा होता, पलंगाच्या कडेला आवळायचा. नारळ धरला त्याने, पण मी दुकानाच्या टेबलाला धक्का दिला तसा नारळ नाचायला लागला. तातू गाताना मान अशी फेकतो की पलंग हलतो, आणि पलंग हलला की हा हलणार. हाही गेला. तिसरा जमिनीवर उभा राहणारा. तळ लोखंडाचा, जड आणि बुटका, पलंगाखाली सरकेल असा. उंची कमीजास्त करायला खांब, पुढे लांब हात, सांध्यासांध्याला हाताने पिळून घट्ट करायच्या चाव्या. त्याला नारळ लावून मी बसलो. ऊन दुकानाच्या पायरीवरून रस्त्यावर गेलं, दुकानदाराने माझ्याकडे बघायचं सोडून दिलं, पण नारळ जागचा हलला नाही. मी हाताला धक्के मारले. समेवर मारतात तसे मारले. ढिम्म!

स्टँड खांद्यावर घेऊन मी तातूच्या दारात आलो तर वहिनी उंबरठ्यावर. चौकटीला हात लावून उभ्या.

"भावजी, मी काय सांगितलंय?"

आतून तातूचा आवाज आला, "येवक दी गो तेका." मग खोकला, बराच वेळ. थांबला तेव्हा वहिनींच्या तोंडावरचा रंग बदलला होता. बाजूला झाल्या, पण म्हणाल्या, "ह्यांच्या आधी तुमी तेच्या खाली निजा."

आणि खरंच निजवलं मला! पलंगाशेजारी चटई घातली, स्टँडचा हात माझ्या तोंडावर आणला, नारळ टांगला. बरोब्बर नाकावर. वर पंखा सोडला. वहिनींनी खांबाला हिसके दिले, तळाला पाय लावला, बाजूला मुसळ आपटलं. मी मांडवात वाघासारखा गरजणारा माणूस, पण खालून बघितलेला नारळ ही वेगळीच चीज आहे, हे तुम्हाला सांगतो. त्याचे तीन डोळे माझ्या दोन डोळ्यांत बघत होते. पलंगावरून तातू बारीक आवाजात हसत होता. "बुवा, आता एक आलाप घेवा बघूया." घेतला. घाबरलेला आलाप तो. पण नारळ हलला नाही. वहिनींनी जाळी सोडली, नारळ आत नेऊन फोडला आणि अर्धी वाटी तातूपुढे, म्हणजे त्याच्या ओठांपुढे, धरली. परवानगी मिळाली होती.

दिवेलागणीनंतर तातूचा दम जायचा, म्हणून सप्ताहातली बारी गावाने तिसऱ्या प्रहरी ठेवली. मांडवात पांढरा पडदा, समोर मी, माझी पेटी. पडद्यावर तातू उमटला, डोक्याला टोपी, कपाळाला बुक्का, भुवईवर ती खूण. खालच्या कडेला उशीच्या अभ्र्याची निळी किनार दिसत होती. ती मी हेरून ठेवली. टॅब खाली यायला लागला तर पहिली ती दिसेनाशी होणार, हे त्या मांडवात एकट्या मला माहीत होतं.

तातूने सुरुवात केली. "माझे समोरचे बुवा! आवाज इतको मोठो, की देवान कानात कापूस घातल्यान. आता गावाचा गाऱ्हाणा आयकतलो कोण?" मांडव फुटला हसून. मला हसू येईना. पुढे तो काय गायला, कुठला अभंग, कुठला गजर, मला विचारू नका. मी किनारीकडे बघत होतो. कोपराची चावी आवळली होती ना? शेवटचा पीळ कोणी दिला, मी की वहिनींनी?... गजर चढत गेला, लोक टाळ्या वाजवायला लागले, आणि किनार दिसेनाशी झाली. तातूचं तोंड मोठं झालं. आणखी मोठं. कपाळ पडद्याच्या वर गेलं. मी उठलो. पेटी लाथेने उलटली. माइक ओढून वहिनींना हाक मारणार, तेवढ्यात तातू समेवर थांबला.

"बसा बुवा," तो म्हणाला. "स्टँड हलाक नाय. मीच वर इलंय."

मान उशीवरून उचलली होती त्याने. मानेच्या शिरा दोरखंडासारख्या. तशीच धरून त्याने गजर संपवला आणि म्हणाला, "माझी झाली. आता तुझी." मग डोकं मागे गेलं, निळी किनार परत दिसली, आणि खोकल्याच्या आवाजात फोन बंद झाला. मला मागून कळलं, त्या सगळ्या वेळात वहिनी चित्रात दिसणार नाहीत अशा बसून दोन्ही ओंजळी टॅबच्या खाली धरून होत्या.

माझी उलट बारी दुसऱ्या दिवशी व्हायची होती, तर त्याला हॉस्पिटलात हलवावं लागलं. तिथून तो घरी आला तो आणखी बारीक होऊन. स्टँडवर टॅब, टॅबमध्ये मी. रोज एकच सवाल, "कधी गातंस?" मी आज घसा सांगायचो, उद्या पखवाजवाल्याच्या घरचं लग्न. एकदा तर सांगितलं, पेटीत उंदराने पिल्लं घातलीत, ती मोठी होऊन कामाधंद्याला लागेपर्यंत वाजवता येत नाही. समोरच्याची बारी बाकी ठेवून बुवा उठत नाही, हा आमच्या मांडवाचा नियम, आणि मी त्यावर भरवसा टाकून बसलो होतो. तातू ओळखून होता. "उंदराक माझो नमस्कार सांग," म्हणाला. तेच शेवटचं.

बाराव्या-तेराव्याची गर्दी ओसरल्यावर मी पेटी घेऊन गेलो. पलंगावरची गादी गुंडाळलेली, उशी मात्र जागेवर, निळ्या किनारीची. स्टँड तसाच, हात उशीवर वाकलेला, टॅबशिवाय. लेक तो मिटून माळ्यावर टाकत होती, वहिनींनी टाकू दिला नाही. वहिनी दारात बसल्या. अंबाडा नीट होता. स्वतः बांधलेला. मी विचारलं नाही, पण शेजारीण बांधायची तो जरा डावीकडे कलायचा.

"म्हणा," त्या म्हणाल्या.

मी उलट बारी धरली. त्याच्या कापसाचं उत्तर दिलं, कलमाचं दिलं, कावळ्यांचं दिलं. सगळी सालटी काढली त्याची, एक ठेवलं नाही. गजर असा चढवला की... होड्यांचं राहू द्या. गात होतो आणि डोळा त्या स्टँडच्या हातावर होता. एवढ्या दिवसांत चाव्या कोणी आवळल्या नव्हत्या. थोडा झुकेल, वाटत होतं. या लेखात मी इतकं वाढवून सांगितलंय, आणखी एक वाक्य लिहिणं काय अवघड होतं? पण नाही झुकला. मीच निवडून आणलेला, नारळाने पारखलेला. समेवर आलो, थांबलो. ढिम्म होता.

वहिनींनी पदराने डोळे पुसले. माझ्याकडे बघितलं, मग स्टँडकडे.

"अजून पसंत पडूक नाय," त्या म्हणाल्या. "परत म्हणा."

मी पेटीचा भाता ओढला.